‘ग्रेलिस्टिंग’ला ‘करडी यादी’ म्हणावे का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या मेल सर्व्हरवर स्पॅम कमी करण्यासाठी पोस्टफिक्स या मेल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडीला पोस्टग्रे हे ‘ग्रेलिस्टिंग’ करणारे, म्हणजे अनोळखी ठिकाणाहून आलेला पहिला मेल काही काळ थोपवणारे सॉफ्टवेअर बसवले आहे. प्राध्यापकांसाठी मराठीत सूचनापत्रक काढायचे असून त्यात ‘ग्रेलिस्टिंग’साठी ‘करडी यादी’ हा शब्द वापरावा असा विचार आहे. तो योग्य ठरेल का? शिवाय लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘४५० ४.२.०’ या आकड्यांपाठोपाठ ‘रेसिपियंट अ‍ॅड्रेस रिजेक्टेड : ग्रेलिस्टेड’ अशी ओळ येते, तिच्यावरून ‘मेल नाकारला’ असे लिहिणे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही शब्द टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘करडी यादी’ मराठी वाचकाला वर्तमानपत्रांतून परिचित आहे, कारण पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात एफएटीएफ या, काळा पैसा व दहशतवादाचा पैसा यांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अशा यादीत होता. ती यादी विचारविनिमय करून नावे घातलेली असते आणि तिच्यात नाव येणे हा ठपका मानला जातो. ‘ठेकेदाराला काळ्या यादीत टाकले’ या सरकारी मराठीत रुळलेल्या प्रयोगामागेही हाच भाव आहे. ईव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेल्या मेलच्या पद्धतीला काळ्या आणि पांढऱ्या याद्यांच्या मधली म्हणून हे नाव मिळाले खरे, परंतु तिच्यात कोणावरही ठपका नसतो. पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील त्याचा आकडी पत्ता), प्रेषकाचा पत्ता आणि ज्याला मेल जायचा आहे त्याचा पत्ता हे त्रिकूट प्रथमच दिसले, की आपला सर्व्हर ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असे कळवतो. मग समोरचा सर्व्हर एखाद्या विद्यापीठाचा असो वा स्पॅम पाठवणाऱ्याचा. नियमाने चालणारा सर्व्हर मेल आपल्या रांगेत ठेवून परत येतो. स्पॅमचा मारा करणारी पुष्कळशी सॉफ्टवेअरे मात्र रांग सांभाळत बसत नाहीत, आणि सारा फायदा एवढ्या एका फरकातून मिळतो.

म्हणून तंत्राचे नाव ‘ग्रेलिस्टिंग’ असेच ठेवावे आणि क्रियेसाठी ‘थोपवणे’ हे साधे क्रियापद घ्यावे. लॉगमधल्या ओळीतील ‘रिजेक्टेड’पेक्षा तिच्यातील आकडा अधिक खरे सांगतो. चारने सुरू होणारे संकेत तात्पुरते असतात, पाचने सुरू होणारे कायमचे. तेव्हा ४५० ला ‘मेल थोपवला’ आणि ५५० ला ‘मेल नाकारला’ असे लिहावे. ‘मेल परत आला’ हा प्रयोग, प्रेषकाला मेल पोहोचला नसल्याची सूचना मिळते तेव्हासाठी राखून ठेवावा. ग्रेलिस्टिंगमध्ये अशी सूचना सहसा निघतच नाही, कारण मेल अजून पाठवणाऱ्याच्याच रांगेत असतो.

पुरवणी प्रश्न : पोस्टग्रेची मुदत ३०० सेकंद आहे. मग ‘मेल ५ मिनिटे उशिरा येईल’ असे लिहावे का?

उत्तर : नाही. त्या ३०० सेकंदांच्या आत आलेला मेल आपण घेत नाही, इतकाच त्यांचा अर्थ आहे. परत केव्हा यायचे हे पाठवणारा सर्व्हर ठरवतो, आणि आरएफसी ५३२१ या मेलच्या देवाणघेवाणीच्या मानकात तर दोन प्रयत्नांमध्ये किमान ३० मिनिटांचे अंतर असावे, अशी शिफारस आहे. मोठ्या मेल कंपन्यांचा दुसरा प्रयत्न कधी कधी वेगळ्याच आयपी पत्त्यावरून होतो. पोस्टग्रे मुळात आयपीचा शेवटचा भाग सोडून उरलेला पत्ता जुळवते, त्यामुळे शेजारचा पत्ता चालून जातो. पण पत्ता दूरचा निघाला, तर त्रिकूट नवे ठरून वाट पाहणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ओटीपीच्या मेलची मुदत तेवढ्यात संपून जाईल. अशा कंपन्यांचे सर्व्हर आधीच नोंदवून ठेवावेत आणि त्या नोंदींना ‘अपवादांची यादी’ म्हणावे. येथे ‘यादी’ हा शब्द अगदी चपखल बसतो.

पत्रकात असे वाक्य चालेल : ‘ज्यांच्याकडून पूर्वी मेल आलेला नाही, त्यांचा पहिला मेल आपला सर्व्हर काही काळ थोपवतो, त्यामुळे तो उशिरा पोहोचू शकतो आणि प्रेषकाने तो पुन्हा पाठवण्याची गरज नसते.’