अनुभव धागा: बँकेतली नोकरी, काउंटरच्या आतल्या बाजूने

'बँकेत आहे' एवढं सांगितलं की आपल्याकडे पुढची चौकशी थांबते. स्थळ पाहणारे खूश, फ्लॅट भाड्याने देणारे खूश. त्याच दमात 'तुमचं काय बाबा, चारला शटर खाली' हेही ऐकवलं जातं. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० मध्ये आणखी ६ बँकांचं. पुढे तालुक्या-तालुक्यात शाखा निघाल्या आणि प्रत्येक आळीत एखादं तरी बँकेतलं घर झालं. तरी शटर खाली गेल्यावर आत काय चालतं, हे त्या घराबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

तर मोठ्या बँकेत काम केलेल्या, करणाऱ्या किंवा सोडून आलेल्या सगळ्यांना आमंत्रण. अटी दोनच. तक्रार असेल तर बँकेचं नाव नको, आणि खातेदाराचं नाव तर मुळीच नको. मतं कमी, काम जास्त सांगा.

निवृत्त हेड कॅशियर, सांगली

वयाचा मान म्हणून पहिला नंबर मी लावतो.

मी लागलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. खातेदाराने चेक दिला की त्याला पितळेचं टोकन. चेक जाणार लेजरवाल्याकडे, म्हणजे खातेवही सांभाळणाऱ्याकडे, तो नोंद करणार, अधिकारी सही तपासून पास करणार, मग चेक कॅशमध्ये येणार. तोवर खातेदार बाकावर बसून शेजाऱ्याशी उसाच्या दराची चर्चा करणार. लेजर असं जाडजूड की एका हाताने उचलायचं नाव नको.

खरी मजा महिनाअखेरीला. प्रत्येक खात्याची बाकी कागदावर उतरवायची, बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य खातेवहीशी, जुळवायची. पहिल्या फटक्यात ती कधीच जुळली नाही. मग शोधाशोध. फरकाला नवाने भाग जातोय का, हे आधी बघायचं. जात असेल तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ७२ चे २७ केलेत. तसं नसेल आणि फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, कारण नावे टाकायची ती जमेला पडलेली असणार. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने शिकवलं.

नवी पोरं विचारायची, 'काका, दहा पैशांचाच फरक आहे, खिशातून टाकू का?' टाकायचे नाहीत. दहा पैसे म्हणजे दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन उरलेली शिल्लक असू शकते. एकीकडे पाच हजार जास्त, दुसरीकडे चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये नव्वद पैसे कमी. दहा पैशांसाठी रात्री पोहे मागवून बसलेली शाखा बाहेरच्याला वेडी वाटायची.

दहा तारखेची गर्दी किती जणांना आठवते? बचत खात्यावर व्याज मिळायचं ते दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर. त्यामुळे पैसे भरणाऱ्यांची रांग दहाच्या आत आणि काढणाऱ्यांची एक तारखेनंतर. रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं १ एप्रिल २०१० ला, तोवर आम्ही घरी बसलो होतो.

मशीन आली ती बँका आणि युनियन यांच्यातल्या १९८३ च्या करारानंतर, हळूहळू. युनियनचा विरोध होता आणि मीही घोषणा दिल्यात. पण व्याजाची सहामाही मशीनने करून दिली तेव्हा सगळ्यात आधी चहा आम्हीच मागवला. पुढे २०००-०१ ची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना आली. देशभरातून लाखाहून जास्त माणसं एका झटक्यात बाहेर पडली. आमच्या शाखेतले जुने जाणकार गेले, आणि भरती तर कितीतरी वर्षं बंदच होती. तीस वर्षांच्या माणसाला शिकवायला पन्नाशीचा माणूस नाही, ही आजची अवस्था तिथून सुरू झाली असं माझं मत.

क्लार्क, डोंबिवलीहून फोर्ट

प्रमोशनबद्दल लिहिते. ऑफिसर झालं की पगार वाढतो, केबिनही मिळते कधीतरी, पण बदली कुठेही. मुलगा शाळेत, सासूबाईंचं डायलिसिस, नवऱ्याची नोकरी ठाण्यात. दर वर्षी सर्क्युलर यायचं आणि दर वर्षी मी ते ड्रॉवरमध्ये ठेवायचे. माझ्यानंतर लागलेला मुलगा आज माझा मॅनेजर आहे. मला 'मॅडम' म्हणतो आणि अडलं की विचारायला येतो. 'महत्त्वाकांक्षा नाही' असं माझ्याबद्दल बोललं गेलंय. बोलणाऱ्यांच्या घरी कोणीतरी डबा करून देणारं होतं.

बँकरची पत्नी, नागपूर

मी बँकेत नाही, पण तिजोरीची एक किल्ली आमच्या घरी असायची. कॅशची तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, म्हणजे यांच्याकडे. रजा हवी तर आधी किल्ली घेणारा शोधा, रजिस्टरवर सह्या करा, मग निघा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला आम्ही अक्षता पडल्यावर पोहोचलो, कारण किल्ली घेणाऱ्या साहेबांची गाडी वर्ध्याला अडकली होती. यांना ताप आला तरी आधी किल्लीची काळजी, मग क्रोसिन.

शाखा व्यवस्थापक, यवतमाळ जिल्हा

शहरातल्या मंडळींना 'नवं-जुनं' माहीत नसेल. पीककर्जाची मुदत मार्चअखेर संपते. शेतकऱ्याने जुनं कर्ज व्याजासह भरायचं आणि लगेच नवीन उचलायचं. वेळेत भरलं तर केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. कागदावर उत्तम योजना. पण कापूस विकून आलेला पैसा मार्चपर्यंत शिल्लक कुणाकडे असतो? म्हणून शेवटच्या आठवड्यात शेतकरी कुणाकडून तरी दोन-तीन दिवसांसाठी लाख-दीड लाख आणतो. कधी मेहुणा, कधी कृषी केंद्रवाला, कधी सावकार. सकाळी भरतो, आमची प्रोसेस झाली की नवीन उचलतो आणि त्याचे त्याला परत करतो. दोन दिवसांचे शेकड्याला किती घेतात, ते मी विचारत नाही. विचारून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

त्या आठवड्यात सर्व्हर स्लो झाला तर काय होतं, ते बघायला या. समोर माणूस उभा, बाहेर पैसे देणारा मोटरसायकलवर वाट बघतोय, आणि स्क्रीनवर गोल फिरतंय.

कर्जमाफीचं सांगतो. २०१७ ला एक झाली, दीड लाखापर्यंतची. २०१९ च्या शेवटी दुसरी जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतची. याद्या आमच्या दारावर लागल्या, आधार प्रमाणीकरण झालं. ज्यांचं नाव आलं ते पेढे घेऊन आले, ज्यांचं नाही ते माझ्या टेबलासमोर बसले. सगळ्यांत जास्त राग कुणाला होता सांगू? नियमित भरणाऱ्याला. त्याला पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन मिळालं, पण खूप उशिरा. एक आजोबा मला म्हणाले, 'साहेब, मी भरलं हे चुकलंच ना?' आमच्या ट्रेनिंगमध्ये या प्रश्नाचा पाठ नाही.

वरून विचारणा असते एनपीएची, म्हणजे थकीत ठरलेल्या कर्जांची. साधं कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए, कमी मुदतीच्या पिकाचं दोन हंगाम थकलं की. पाऊस गेला तर सबंध गाव एकदम एनपीए होतं आणि झूम कॉलवर साहेब विचारतात, 'रिकव्हरी का नाही?' मी खिडकीबाहेर बोट दाखवलं तरी कॅमेऱ्यात दिसत नाही.

कॅशियर, नाशिक

नोटाबंदी. दुसरं काय लिहिणार!

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठला घोषणा, ९ तारखेला बँका ग्राहकांसाठी बंद, १० ला उघडल्या. आम्ही सकाळी आलो तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडे गेली होती. बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन. मधेच बोटाला शाई. नियम आम्हाला कळायचा त्याच वेळी टीव्हीवर लोकांनाही कळायचा. काही वेळा त्यांना आधी. दोन हजारांची नोट द्यायचो आणि लोक म्हणायचे, 'हिचे सुटे कोण देणार?' नोटा छापायचा कारखाना आमच्या नाशिकरोडला, त्यामुळे 'गावात छापतात आणि तुम्ही नाही म्हणता?' हे रोज ऐकलं.

नोटा मोजायच्या मशीनचा पंखा धूळ उडवतो. वर्षानुवर्षं डब्यात, पोत्यात, देव्हाऱ्यामागे ठेवलेल्या नोटांची ती धूळ. आठवड्याभरात कॅशमधल्या सगळ्यांना खोकला लागला. एका बाईंनी हळदीकुंकवाच्या करंड्यातून पाचशेच्या नोटा काढल्या, सगळ्या पिंजर लागलेल्या. नवऱ्याला माहीत नव्हत्या. हळूच म्हणाल्या, 'मेसेज त्यांच्या मोबाईलवर जाईल का?' खात्याला नंबर त्यांचाच होता. गेला असणार.

त्या गर्दीत खोटी नोट निसटली तर भरपाई कॅशियरची. आमच्याकडे भरली गेली, कुणी कुणी किती ते लिहीत नाही.

माजी रिलेशनशिप मॅनेजर, ठाणे (खासगी बँक)

सकाळी हडल, म्हणजे टीमची छोटी बैठक, संध्याकाळी कॉल. मधल्या वेळात विक्री. लोकांना वाटतं विमा 'सुचवला' जातो. पद्धत सांगतो. येत्या महिन्यात कुणाची एफडी संपणार, याची यादी तुमच्या हातात असते. त्यातले साठीपुढचे आधी. फोन करायचा, 'आजी, एफडीला आता काही उरलं नाही' म्हणायचं. आजीला वाटतं बँकेतला मुलगा आहे, आपल्या भल्याचंच सांगतोय. तो 'बँकेतला मुलगा' तेवढाच काय तो माल असतो, पॉलिसी कुठलीही चालते. मी आता कॉलेजात शिकवतो, पगार कमी आहे.

ऑपरेशन्स, खराडी (परदेशी बँक)

सांगलीच्या काकांना: तुमची शोधाशोध अजून चालूच आहे, फक्त ती पुण्यात रात्री चालते. आमच्या टीमने नोटा कधी पाहिल्या नाहीत. आमची नोंद आणि समोरच्या बँकेची नोंद जुळत नसेल तर त्याला 'ब्रेक' म्हणतात, आणि दिवसभर आम्ही ब्रेक मिटवतो. नवाचा नियम इथेही कामी येतो, मी एका मॅनेजरला शिकवला! अमेरिकेत २८ मे २०२४ पासून शेअरचा व्यवहार दुसऱ्याच दिवशी पुरा करावा लागतो, म्हणून आमची शिफ्ट आणखी सरकली. कॅब पहाटे सोडते तेव्हा आई सडा घालत असते.

एक गोष्ट बाहेरच्यांना गंमतशीर वाटते. वर्षातून सलग दोन आठवडे सक्तीची रजा, आणि त्या काळात लॉगिन बंद. मेलसुद्धा उघडता येत नाही. कारण साधं आहे: काही लपवून ठेवलं असेल तर ते रोज सांभाळावं लागतं, माणूस बाजूला केला की बाहेर येतं. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये संवेदनशील जागांवरच्या लोकांसाठी तसंच सांगितलंय, निदान दहा कामकाजाचे दिवस आणि तेही आगाऊ न कळवता. घरच्यांना वाटतं कंपनी किती चांगली!

अधिकारी, मूळ लातूर, सध्या ओडिशा

आपल्याकडे 'बँकेतल्या साहेबाला मराठी येत नाही' म्हणून वाद होतात, ते मी इथे बसून वाचतो. इथे तो साहेब मी आहे. केंद्रापाडा जिल्ह्यातली शाखा. वयस्कर लोक स्लिपवर आकडे ओडियात लिहितात. पहिले काही दिवस शिपाई वाचून दाखवायचा, पण रकमेची खात्री दुसऱ्याच्या डोळ्यांनी करून सही कशी करणार? आधी आकडे शिकलो, मग 'कोणाच्या खात्यातून' आणि 'वारस कोण' इतपत बोलणं, मग भांडण समजण्याइतकं. आता जूनमध्ये रज सणाला लोक घरी बोलावतात. गणपतीला मात्र व्हिडिओ कॉलवर आरती. मराठीचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. फक्त त्या साहेबाला शिकायला बँकेने वेळ दिलाय का, तेही एकदा विचारा.

बँक मित्र, सोलापूर

मी बँकेचा नोकर नाही, पण गावाला मी म्हणजेच बँक. टेबल, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि व्यवहारामागे कमिशन. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ. तेंदूपत्ता घासून बोटांच्या रेषा गेलेल्या. मशीन म्हणतं, जुळत नाही. हात धुवा, खोबरेल लावा, दुसरं बोट ठेवा. दहाही बोटं झाली की मग शाखेत जा म्हणून सांगावं लागतं, आणि एक रोजगार बुडतो. लाडकी बहीणचे पैसे २०२४ च्या ऑगस्टात आले तेव्हा निम्म्या जणींना आपलं आधार कुठल्या खात्याला जोडलंय हेच माहीत नव्हतं. पैसे जायचे जनधनच्या वेळी काढलेल्या विसरलेल्या खात्यात आणि त्या माझ्याशी भांडायच्या. व्यवहार फेल झाला की मला कमिशन शून्य, शिव्या पूर्ण.

एक प्रश्न, परभणीहून

मुलीची आयबीपीएसच्या बँक भरती परीक्षेतून पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून निवड झाली आहे. हे सगळं वाचून धास्ती वाटतेय. पाठवावं का?

शाखा व्यवस्थापक, यवतमाळ जिल्हा

ताई, पाठवा. मी माझ्या पुतणीलाही हेच म्हणालो. तिला काही गोष्टी मात्र सांगून ठेवा. पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, सीनियर घाईत असला तरी. नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा ही पद्धत मुद्दाम केलेली आहे, 'तूच दोन्ही मार' म्हटलं तर नाही म्हणायचं. कॅशचा चार्ज घेताना स्वतः मोजल्याशिवाय रजिस्टरवर सही नाही. कर्जाच्या जागेची पाहणी स्वतः जाऊन करायची, फोटोवर विसंबायचं नाही, कारण आज केलेल्या सहीची विचारणा दहा वर्षांनी, निवृत्तीच्या तोंडावरही होते. तोंडी आदेश मिळाला तर लगेच मेल टाकून 'आपल्या सूचनेप्रमाणे' असं लिहायचं. आणि जेएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा पहिल्या दोन वर्षांत उरकून टाक म्हणावं, एक इन्क्रिमेंट मिळतं. ग्रामीण शाखा मिळाली की अभ्यासाला वेळ राहत नाही.