मोडी लिहिलं की मोदी येतात : सर्चमधल्या सूचना बंद कशा करायच्या?

वाईची_लेक

नमस्कार मंडळी. माहेरी माळा आवरताना पत्र्याची एक पेटी निघाली. आत मोडी या जुन्या मराठी लिपीतले बारा कागद. माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. त्यांच्या आजोबांना मोडी यायची, त्यांच्यानंतर घरात कुणालाच नाही. बाबा रोज विचारतात, "काय लिहिलंय गं त्यात?" त्यांना ते वाचून दाखवायचंच, असं मी मनाशी धरलंय.

तीन रात्री फोन घेऊन बसतेय. इंग्रजी कळफलकावर 'मोडी' टाइप केलं की पुढचं अक्षर पडायच्या आत खाली पंतप्रधानांबद्दलच्या सूचनांची रांग लागते. देवनागरीत 'मोडी भाषांतर' लिहिलं तर भाषांतराची अ‍ॅप पुढे येतात. घाईत अंगठा सूचनेवर पडतो, भलतंच पान उघडतं आणि लिहिलेलं सगळं जातं. या सूचना कायमच्या बंद कशा करायच्या? कुणाला माहीत असेल तर कृपया पायरीपायरीने सांगा.

सेतूवाला

ताई, काही सूचना सेटिंगमधून बंद करता येतात. पण माझं ऐका, बंद करू नका. तुमचं अडलंय ते सूचनांमुळे नाही, एका शब्दापाशी अडलंय. आणि तो शब्द सूचनाच देतील.

मी तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र चालवतो. दिवसभर दुसऱ्यांसाठी सर्च करणं हाच धंदा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदींसाठी माणसांची रीघ लागली. म्हातारी माणसं समोर बसून म्हणायची, "आज्याच्या जन्माचा जुना कागद काढून दे." मी 'जुना जन्म दाखला' लिहायचो आणि हल्लीच्या ऑनलाइन दाखल्यांची पानं यायची. दोन दिवस असेच गेले. मग एकदा 'जुनी जन्म नोंद' एवढंच लिहून हात थांबवला. खालच्या यादीत 'गाव नमुना १४' दिसलं. ते घेतलं, तर पुढच्या यादीत 'कोतवाल बुक नक्कल'. गावची जन्म-मृत्यूची नोंदवही ती हीच! समोरच्या आजोबांना 'कोतवाल बुक' म्हटल्याबरोबर ते ताठ बसले. त्यांना तो शब्द लहानपणापासून ठाऊक होता, मलाच नव्हता. नक्कल मागायच्या अर्जात काय लिहायचं ते त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी सूचनेवर लगेच बोट टेकवत नाही, आधी सगळी यादी वाचतो. आपल्याआधी ज्यांनी हीच गोष्ट शोधली, त्यांनी तिला काय नाव दिलं ते तिथे दिसतं.

आता तुमचं काम. देवनागरीत 'मोडी' लिहा, एक जागा सोडा आणि थांबा. यादी वाचा. मग 'क' लिहा, वाचा, पुसा. 'व' लिहा, वाचा, पुसा. दर अक्षराला यादी बदलते. मी आत्ता 'मोडी लि' पर्यंत गेलो, तर 'मोडी लिपी' आणि 'मोडी लिप्यंतर' आलं. ताई, तुमचा शब्द लिप्यंतर. कागदातली भाषा मराठीच आहे, बदलायची आहे ती फक्त लिपी. भाषांतर म्हटलंत म्हणून अ‍ॅप आली.

आणि अंगठ्याचं म्हणाल, तर सूचनेच्या उजव्या टोकाला तिरका बाण असतो बघा. त्या बाणावर टेकवलं की पान उघडत नाही, ते शब्द फक्त वर चौकटीत येतात. मग पुढे 'वाचक', 'पुणे', 'सातारा' काय हवं ते जोडा. डाव्या टोकाला घड्याळाचं चित्र असेल तर तो तुमचाच जुना शोध. नको असेल तर त्यावर बोट दाबून धरा, काढून टाकायचं विचारेल.

पाटीपेन्सिल

रोमनमध्ये ड आणि द दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, त्यामुळे यंत्राला दोन शब्द वेगळे कळायला वावच नाही. सूचना लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात, शिवाय तुमची भाषा, ठिकाण आणि त्या दिवशी काय गाजतंय तेही धरलं जातं. लाखो लोक एकच नाव शोधत असतील तर लिपी मागेच राहणार. म्हणून सेतूवाला म्हणतात तसं देवनागरीतच लिहा, दोन लिप्यांच्या याद्या वेगळ्या येतात.

ही सोय मुळात टायपिंग वाचवायला आली. गुगलमधल्या केविन गिब्स यांनी ती बनवली, डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून खुली झाली आणि २००८ मध्ये मुख्य पानावर आली. शब्द सापडायला तिचा एवढा उपयोग होतो, हे मलाही फार उशिरा कळलं.

आणखी एक करून बघा. 'लिप्यंतर' लिहून कर्सर शब्दाच्या आधी न्या आणि तिथे 'म' लिहा. मग 'लिप्यंतर'च्या आधी लोक कोणते शब्द जोडतात, त्या सूचना मिळतात.

रुमालवाचक

मी मोडी वाचते, म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली, कागदांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेपही लावू नका. घडी जबरदस्तीने उलगडू नका.

दुसरी, 'मोडी वाचक' आणि 'मोडी प्रशिक्षण' हे दोन्ही शोधा. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, आणि पुण्यात १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. शिकवणारे सापडले की वाचणारे सापडतात. एखाद्या कागदात 'सु॥' असं दिसलं तर ती ओळ मला इथे लिहा, बहुधा सुहूर सन या जुन्या कालगणनेतलं वर्ष असेल.

वाईची_लेक

सेतूवाले दादा, बाणाची युक्ती जमली! 'मोडी लिप्यंतर' नंतर 'सातारा' जोडलं आणि तासाभरात एका निवृत्त शिक्षकांचा पत्ता लागला. काल बाबांना घेऊनच गेले. त्या शिक्षक काकांनी भिंग लावून पहिल्या कागदाची ओळ वाचली : 'सु॥ सलास सबैन मया व अलफ'. बाबांनी ती दोनदा म्हणायला लावली.

घरी येऊन 'सुहूर सन' लिहिलं, जागा सोडली आणि थांबले. यादीतून बाण दाबत अंकांच्या अरबी नावांपर्यंत पोचले. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७२ येतं, म्हणजे कागद १७७२-७३ चा. बाबांनी पाठकोऱ्या कागदावर ती बेरीज स्वतः केली.

रुमालवाचक ताई, दुसऱ्या कागदावर वरच्या कोपऱ्यात गोल शिक्का आहे, अर्धा पुसलेला. काकांनाही तो लागला नाही. त्यासाठी कोणत्या शब्दापासून सुरुवात करू?