'ऑथेल्लो'मधले रंगावरचे संवाद कापावेत का?

सावळ्या_सांगलीकर:
नमस्कार मंडळी. दिवसा पतसंस्थेत कॅशियर, संध्याकाळी तालीम, असा माझा दिनक्रम. यंदा आमच्या ग्रुपने शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' घेतलाय, दीड तासात बसवलेला. काळा सेनापती ऑथेल्लो गोऱ्या मुलीशी लग्न करतो आणि पुढे तिच्यावरच संशय घेतो, ते नाटक. ऑथेल्लो मी. भूमिका वाटताना सर म्हणाले, "याला रंगवायला नको, तेवढाच खर्च वाचला." सगळे हसले. मीही हसलो, सवय आहे.

अडचण पुढे आली. पहिल्याच प्रवेशात ऑथेल्लोच्या हाताखालचा, त्याच्या वाईटावर असलेला इयागो मध्यरात्री मुलीच्या बापाच्या, ब्राबान्शियोच्या दाराशी ओरडतो, की म्हातारा काळा एडका तुमच्या पांढऱ्या मेंढीवर चढलाय. वाचनाला यावर असा हशा पिकला की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. सर म्हणतात, हमखास लाफ्टर आहे, ठेवायचं. मला कापावंसं वाटतं. त्या अख्ख्या प्रवेशात ऑथेल्लोचं नाव कोणी घेतच नाही. 'मूर' (म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा काळा माणूस), 'जाडओठ्या', बस. म्हणजे मी विंगेतून बाहेर यायच्या आधीच लोकांचं मला हसून झालेलं असणार. तुम्ही काय केलं असतं?

विंगेतला_म्हातारा:
कापू नका. इयागोला फक्त एवढं सांगा की ते वाक्य प्रेक्षकांकडे टाकायचं नाही, वर खिडकीत उभ्या बापाकडे टाकायचं. प्रेक्षकांकडे टाकलं की तो विनोद होतो.

आणि खरं सांगू? इयागो उघड दुष्ट आहे, त्याचं काय घेऊन बसलात. मला भीती वाटते ती या बापाची. ऑथेल्लोला घरी बोलावून बोलावून लढायांच्या गोष्टी ऐकणारा हाच. पोरीनं लग्न केल्यावर मात्र म्हणतो, जादूटोणा केला असणार, नाहीतर असल्या काळ्या छातीशी ती जाईल कशाला! पंगतीला चालतो, जावई म्हणून चालत नाही. हे वाक्य तुमच्या गावातल्या किती बैठकांत ऐकलंय ते आठवा.

जाता जाता: १८३३ मध्ये लंडनला ऑथेल्लो करताना एडमंड कीन हा गोरा नट स्टेजवरच कोसळला. त्याच्या जागी आयरा आल्ड्रिज हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णी नट उभा राहिला. त्यानं गोऱ्या नटीला हात लावलेला काही पेपरवाल्यांना सोसवला नाही. दोन प्रयोगांत खेळ बंद. पुढे युरोपभर नाव कमावून तो १८६७ मध्ये पोलंडमध्ये वारला. त्याच साली महादेवशास्त्री कोल्हटकरांचं मराठी 'ऑथेल्लो' आलं.

लेस्टरची_मावशी:
ड्यूकचं, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाचं वाक्य सांभाळा हो, ते घाईत कापलं जातं. तो ब्राबान्शियोला म्हणतो, गुण बघाल तर तुमचा जावई काळा नाही, गोराच म्हणायचा. स्तुती आहे ही! मला बघायला आले होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "रंग दबका आहे, पण नाकीडोळी नीटस." त्यांनाही ती स्तुतीच वाटत होती.

आणि ड्यूक एवढा गोड का बोलतो? तुर्कांचं आरमार सायप्रसवर निघालंय, सेनापती हवाय. तसंच इथंही. २०२१ च्या जुलैत वेम्बलीवर इंग्लंडची युरो कप फुटबॉलची फायनल होती. पेनल्टीपर्यंत रॅशफर्ड, सांचो, साका आमचीच पोरं. तिघांच्या पेनल्टी हुकल्या आणि रातोरात त्यांच्या फोनवर माकडांची चित्रं. साका १९ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी कामावर कोणी त्याबद्दल बोलेना, सगळे हवामानावर बोलत होते.

गडी_अंगाला_तेल:
प्रत्येक ठिकाणी वर्णद्वेष शोधू नका राव. हे संशयाचं नाटक आहे. देवलांनी १८९० मध्ये याचाच मराठी 'झुंझारराव' केला, मराठी माणसानं तो डोक्यावर घेतला. नवरा-बायकोतला संशय कळायला रंग कशाला लागतो?

सावळ्या_सांगलीकर:
@गडी, संशयाचंच आहे, मान्य. पण ऑथेल्लोच्या मनात तो संशय कशाला धरून वाढतो, ते तिसऱ्या अंकात बघा. बायको का दुरावली असेल याची कारणं मोजताना पहिलंच कारण निघतं, 'मी काळा आहे म्हणून'. वय नंतर येतं. थोड्या वेळानं म्हणतो, माझं नाव आता माझ्या तोंडासारखंच काळं झालं. इयागोनं दारात ओरडलेलं याच्या तोंडून बाहेर यायला लागलं की! आपण तर 'तोंड काळं केलं' रोज म्हणतो, माझी आईही म्हणते, माझ्यादेखत. हे वाक्य म्हणताना तालमीत माझी जीभ अडकते.

असो. म्हातारेबुवा, तुमचं ऐकून परवा इयागोला खिडकीकडे तोंड करून बोलायला लावलं. दोघं हसले, बाकी गप्प. सरांनी 'बरं, राहू दे असंच' म्हटलं. ड्यूकचं वाक्यही ठेवलंय, मावशी.

एक राहिलं. काल लाइट लावले तर माझा चेहरा दिसेना, नुसते दात आणि अंगरखा. लाइटवाला म्हणाला, जरा पावडर मारू या का, उजळ शेडची? मग कळलं, महिनाभर तो सरांना उभं करून लाइट लावत होता. सर गोरेपान. आज सहा वाजता मला उभं करून पुन्हा सगळे लावणार आहेत. निघतो.