घरचंच खाते तरी काटा पुढेच! इंदूरवाल्यांनो सांगा काहीतरी

रामबागची_सून

नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहितेय. वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. लग्नात ५२ होतं, ते जाऊ द्या, पण पाच-सहा वर्षांपूर्वी ६० होतं आणि कधी वाढलं ते कळलंच नाही. मी शाळेत शिकवते, मागच्या महिन्यात शाळेत तपासणीचा कॅम्प लागला होता त्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ६.१ निघाली. डॉक्टर म्हणाले अजून डायबिटीस नाही पण उंबरठ्यावर आहात, गोळी आत्ता नको, आधी वजन उतरवा. थायरॉइड पण केलं, नॉर्मल आहे, म्हणजे तो पण बहाणा गेला.

आता मला सांगा, मी बाहेरचं खातच नाही हो! सकाळी पोहे नाहीतर उपमा, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, रात्री वरण-भात, एक पोळी, भाजी, कोशिंबीर. चहा होतो चार-पाच वेळा, दोन स्टाफरूममधे आणि बाकीचे घरी सासूबाईंबरोबर. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, वर्षातून दोन-तीनदा, ते पण पुण्याचे पाहुणे आले की, नाहीतर आपण कोण रात्री साडेअकराला तिकडे जातंय. चतुर्थी, एकादशी दोन्ही करते. म्हणजे उपास पण आहेत!

एका डाएटिशियनकडे जाऊन आले, नाव नको. तिनी चार्ट दिला, सकाळी सोया मिल्कमधे ओट्स, दुपारी किनोआ, संध्याकाळी अर्धा अ‍ॅव्होकॅडो. सासूबाईंनी चष्मा लावून अख्खा चार्ट वाचला, मागे उलटून पण पाहिला, आणि म्हणाल्या "अगं पण ह्यात जेवण कुठंय?" नवव्या दिवशी सोडलं.

घरात आता दोन पार्ट्या आहेत, नणंद डॉ. दीक्षितांच्या डाएटची आणि जाऊ ऋजुता दिवेकरांच्या. एक म्हणते दोनदाच खा, दुसरी म्हणते दर दोन तासांनी खा आणि तूप घे. मी दोघींचं ऐकते आणि दोघींचं खाते, असं झालंय. कोणी इंदूरात राहून, सासरी राहून, वेगळा स्वयंपाक न करता खरंच वजन उतरवलं असेल तर लिहा.

---

नेहरूपार्क_साडेपाच

सूनबाई, सगळं लिहिलंत पण शेव नाही लिहिली. ६१ वर्षं इंदूरात काढली, डायनिंग टेबलवर शेवेचा डबा नाही असं मराठी घर मी अजून पाहिलेलं नाही. पुण्यात पोह्यांवर ओलं खोबरं घालतात, आपल्याकडे वरून शेव, वरून जीरावन मसाला, वरून कांदा, आणि रविवारी बाजूला जलेबी. पोहे बिचारे निर्दोष आहेत, आपल्या इथल्या दुकानात तर ते वाफेवरच ठेवलेले असतात, तेल बेताचंच. सगळी गडबड त्या "वरून"ची आहे. वरणावर वरून तूप, खिचडीवर वरून कच्चं तेल, दह्यावर वरून साखर. जेवण मोजतो आपण, वरून मोजत नाही.

माझी गोष्ट सांगतो. रिटायर झालो तेव्हा ८४ किलो होतो, बीपीची गोळी सुरू, रोज नेहरू पार्कात पाऊण तास चालायचो आणि वजन ढिम्म. मुलगा म्हणाला बाबा तुम्ही काय खाता ते लिहू नका, आपण तेलाच्या डब्यावर तारीख लिहू. ५ लिटरचा डबा फोडला त्या दिवशी मार्करनी तारीख टाकली, एकविसाव्या दिवशी संपला. घरात माणसं चार. हिशोब करा, माणशी रोजचं जवळपास ६० मिली, म्हणजे मोठे चार चमचे, म्हणजे पाचशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या! थोडं कढईत राहतं, थोडं फेकलं जातं, मान्य, तरी किती. महिन्याचं धरलं तर माणशी पावणेदोन लिटर झालं आणि डॉक्टर लोक अर्धा ते पाऊण लिटर सांगतात. मी चालून जाळत होतो दीड-दोनशे. लागतंय का गणित?

बायको आधी चिडली, म्हणाली म्हणजे माझा स्वयंपाक वाईट. तिची चूक नव्हतीच, ती बुधल्यातून डायरेक्ट कढईत ओतायची, धार किती वेळ पडली ते कोण बघतं. आता फोडणीला चहाचा चमचा आहे, बस. भाजी तीच, चव तीच, पहिले आठ दिवस जरा कोरडी लागली मग कोणी बोललं पण नाही. डबा आता दीड महिना जातो. अजून जास्तच आहे पण ८४ चे ७७ झाले, वर्ष लागलं.

---

छप्पनवाला_भिया

काका तुम्ही शेव बंद करायला लावणार? मग इंदूरात राहायचं कशाला, भोपाळला जावं ना 😄

सीरियसली सांगायचं तर बाहेरचं पूर्ण बंद करायचा प्रयोग मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा चौथ्या आठवड्यात छप्पनवर (छप्पन दुकान, आपली खाऊगल्ली) जाऊन खोपरा पॅटिस, हॉटडॉग आणि शिकंजी एका बैठकीत. आता नियम एकच आहे, उभ्याउभ्या खायचं ते एक आणि ते पण कोणाबरोबर तरी, एकट्यानी नाही. एकटा असलो की मी दोन प्लेट खातो असं लक्षात आलंय. आणि आपली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे हे बाहेरच्यांना सांगायला लागतं, ते आटवलेलं दूध न् ड्रायफ्रूट असतं, "तहान लागली म्हणून शिकंजी घेतली" असं म्हणणाऱ्यांनी स्वतःलाच विचारावं.

---

दोनवेळा_बस्स

ताई मी नणंदेच्या पार्टीतला. दीक्षित पॅटर्ननी मी १४ महिन्यांत ११ किलो उतरवले. कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा ओळखायच्या, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचं, मधे काही नाही, रोज ४५ मिनिटं चालायचं. मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो बिनसाखरेच्या चहाचा आणि ऑफिसमधल्या नमकीनचा. मी सुपरवायझर आहे, सात-आठ जणांचा सेक्शन, कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो, समोसा-कचोरी येतेच, आता "मी दोनदाच जेवतो" म्हटलं की आग्रह संपतो. आधी "डाएटवर आहे" म्हणायचो तर अजून जोरात आग्रह व्हायचा. खर्च शून्य, वेगळा स्वयंपाक नाही. करून बघा.

---

ग्वाल्हेरची_आहारवाली

मी पण डाएटिशियनच आहे (किनोआवाली मी नव्हे, आधीच सांगते). ग्वाल्हेरला प्रॅक्टिस करते, माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या बायका हेच वाक्य म्हणतात, "घरचंच खाते".

६.१ चा अर्थ आधी. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा, ६.५ पासून डायबिटीस. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात आणि इथून मागे फिरता येतं, ही खरंच चांगली बातमी आहे. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ मधे छापून आला, त्यात ह्याच पट्ट्यातल्या लोकांना ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच टार्गेट दिलं होतं, आणि डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे पावणेपाच किलो. लग्नातलं ५२ विसरा, ६३ वर पोचलात तरी शुगरला फरक दिसायला हवा. दुसरं म्हणजे काट्यापेक्षा टेप घ्या. बेंबीच्या रेषेत कंबर मोजा, आपल्या भारतीय बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात, पुरुषांना ९०. पोटावरची चरबीच शुगरला नडते, आणि कधीकधी काटा हलत नाही पण टेप हलते.

आता तुमचं ताट. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, दिसायला एकदम साधं. पण त्यात प्रोटीन मोजा हो. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम. दिवसाला तुम्हाला निदान ४५-५० तरी हवेत. पोटभर जेवूनही चारला भूक लागते ना? ती ह्यामुळे, आणि मग चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत लागतं. वरण घट्ट करा, एका वेळी मटकी-मुगाची उसळ, दही, अंडी चालत असतील तर अंडी, डब्यात मूठभर भाजके चणे. पोळी तीच राहू द्या.

उपासाचं बोललेच पाहिजे, सॉरी. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात बटाटा, वरून तूप आणि दाण्याचा कूट. कुटाचं प्रोटीन आहे थोडं पण एकादशीच्या त्या एका बशीत नेहमीच्या जेवणापेक्षा कॅलरी जास्त आणि तास-दीड तासात परत भूक. मोरधन (म्हणजे वरी, भगर) करा, त्यात दुधी-काकडी घाला, बरोबर ताक. उपास मोडत नाही आणि शुगर पण एवढी उसळत नाही.

चहा. पाच कप, दोन-दोन चमचे, म्हणजे ५० ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० च्या आत आणि जमलं तर २५ च्या आत सांगते. एकदम बंद करू नका, तुम्ही नवव्या दिवशी सोडणाऱ्यातल्या आहात 🙂 आठवड्याला अर्धा चमचा कमी करा.

दोन वेळा जेवायचं ते जमणाऱ्याला जमतं, मी विरोधात नाही, पण शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी स्वतःच्या मनानी करू नये, शुगर खाली जाऊन चक्कर येते. तुमच्या गोळ्या नाहीत म्हणून चालेल, पण सकाळी सातला शाळा असणाऱ्या बाईला पहिलं जेवण कितीला, ते आधी ठरवा.

---

बडोद्याची_माहेरवाशीण

मी उलट दिशेनी आलेय, माहेर बडोदा सासर इंदूर. तिकडे वरणातच गूळ आणि सकाळी फाफडा, इकडे वरून शेव, मला तर दोन्हीकडून मिळालं. एक गोष्ट कोणी नाही लिहिली ती मी लिहिते. मुलांच्या ताटातलं उरलेलं. "एक घास राहिलाय टाकवत नाही" म्हणत मी रोज अर्धी पोळी आणि चमचाभर भात उभ्याउभ्या ओट्याशी संपवायची, ते कुठल्या जेवणात धरायचं? नवरा एकदा म्हणाला अगं महानगरपालिकेची गाडी सकाळी दारात येते, ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा आहे, तू कशाला डबा होतेस. राग आला होता पण लागलं ते. आता मुलांना वाढतानाच कमी वाढते, लागलं तर परत माग म्हणते.

---

रामबागची_सून

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी. काका, तुमचं वाचून मी त्याच संध्याकाळी एक काम केलं. किचनमधे केकसाठी आणलेला छोटा काटा आहे, त्यावर रिकामी बशी ठेवली आणि रोज जशी घेते तशी, काही विचार न करता, डब्यातून शेव घेतली. ३४ ग्रॅम. पाकिटाच्या मागे बघितलं तर १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी छापल्यात. म्हणजे ती एक मूठ जवळजवळ दोन पोळ्यांची! आणि मी सकाळी पोह्यांवर घेते, संध्याकाळी चहाबरोबर घेते, आणि रात्री भाजी नावडती असली की त्यावर पण भुरभुरते. मला खरंच वाटायचं शेव म्हणजे कोथिंबिरीसारखी, नुसती सजावट.

सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या "आता माझी पण मोज." त्यांची ४१ निघाली 😄 त्या दिवसापासून घरात चमत्कार झालाय, त्यांनी स्वतःच शेवेचा डबा टेबलावरून उचलून माळ्याजवळच्या फडताळात ठेवला, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही. काल यांनी विचारलं शेव कुठंय तर म्हणाल्या "स्टूल आण, पोट आत घे, मग चढ."

कंबर मोजली, ९३. आकडा लिहायला लाज वाटतेय पण लिहिला. तेलाच्या डब्यावर तारीख टाकलीय. चहा दीड चमच्यावर आलाय, स्टाफरूमचा आधीच गोड येतो त्यामुळे तिथला एक बंद केला. मोरधनाची खिचडी चतुर्थीला केली, मुलगा म्हणाला उपमाच आहे हा, पण खाल्ली. ताटातलं उरलेलं मात्र अजून सुटत नाहीये, बडोदावाल्या ताई, तुमचं वाचताना पण हातात मुलाची अर्धी पोळी होती.

आठ दिवसांत ४०० ग्रॅम कमी दिसतंय. अजून कोणाला सांगितलं नाही, नणंद म्हणेल दीक्षितांमुळे आणि जाऊ म्हणेल दिवेकरांमुळे.

एकच अडचण उरलीय. थंडी सुरू झाली, सराफ्यात गराडू (तळलेला कंद) आले असणार आणि शनिवारी पुण्याहून दीर-जाऊ येतायत.

---

नेहरूपार्क_साडेपाच

दुपारी जेवण हलकं ठेवा आणि चौघांत एक प्लेट घ्या. जीरावन हवं तेवढं टाका, त्याला कॅलरी नसल्यात जमा. पण मिठाचं बघा, सासूबाईंना बीपी असेल तर त्यांच्या गराडूवर मी टाकणार नाही.

---

छप्पनवाला_भिया

चौघांत एक?! काका गराडूवाला ओळखीचा आहे माझ्या, तो हसेल. दोघांत एक करा, आणि गाडी राजवाड्याच्याही अलीकडे लावा, चालत जा चालत या. तसंही शनिवारी आत पार्किंग मिळत नाही.