मदत हवी आहे: ग्रामीण रुग्णालयाची इन्डेम्निटी पॉलिसी शुक्रवारी संपते आहे

निमाडची लेक:
नमस्कार. बाबांचे खरगोन जिल्ह्यात बारा खाटांचे रुग्णालय आहे आणि त्याची कागदपत्रे मी इंदूरहून पाहते. उपचारांतील निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठी घेतलेल्या इन्डेम्निटी पॉलिसीचा हप्ता कंपनीने जवळजवळ दुप्पट केला असून दुसरी कंपनी बऱ्याच कमी पैशांत तयार आहे. सिझेरियनची दुसरी सोय दीड तासावर असल्यामुळे बाळंतपणे बंद करणे आम्हाला शक्य नाही. कंपनी बदलावी का? कृपया लवकर सांगावे.

विमा क्षेत्रात तीस वर्षे:
ताई, पॉलिसीवर रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेपासूनच्या उपचारांचे दावे पॉलिसीत धरले जातात ती तारीख, कोणती आहे? गेल्या वर्षीच्या बाळंतपणाबद्दल दावा पुढल्या वर्षी आला, तर पुढल्या वर्षीची पॉलिसी लागू होते, आणि तीही जुनी तारीख कायम असेल तरच उपयोगी पडते. नव्या कंपनीने ती शुक्रवारपासून धरली, तर मागची सारी वर्षे उघडी पडतील.

तुकोगंजकर:
एवढे घाबरवू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोनच वर्षांची मुदत आहे. माझ्या मते, रुग्णाला समजेल अशा हिंदीतले संमतिपत्र हाच खरा विमा होय.

विमा क्षेत्रात तीस वर्षे:
सबळ कारण दिल्यास ग्राहक आयोग तक्रारीचा विलंब माफ करू शकतो. आणि संमतिपत्राबद्दल ताईंनी विचारलेले नाही.

भूलतज्ज्ञ, इंदूर:
भूल कोण देते? मी आठवड्यातून तीन गावांना जातो आणि माझी वेगळी पॉलिसी आहे; तरीही माझ्या चुकीसाठी आयोग रुग्णालयाला जबाबदार धरू शकतो. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांचा तुमच्या पॉलिसीत समावेश आहे का, हे पाहा.

निमाडची लेक:
तारीख 2014 ची आहे. भूलतज्ज्ञ इंदूरहून येतात. त्यांच्याबद्दल पॉलिसीत काहीच नाही. ऑगस्टमध्ये एका कुटुंबाच्या वकिलाची नोटीस आली होती, तिला बाबांनी स्वतःच उत्तर दिले आणि कंपनीला कळवायचे राहून गेले. त्याचा येथे संबंध आहे का?

विमा क्षेत्रात तीस वर्षे:
हेच आधी सांगायला हवे होते. नोटीस आणि उत्तर आजच सध्याच्या कंपनीला पाठवून पोच घ्या. उशिराबद्दल ते हरकत घेतील, परंतु पॉलिसीची मुदत संपल्यावर कळवलेत तर दावा नाकारायला आयते कारण मिळेल. नव्या कंपनीच्या प्रस्तावात ही नोटीस लपवलीत, तर तेथेही पैसे मिळणार नाहीत. हप्ता दुप्पट भरावा लागला तरी 2014 ची तारीख सोडू नका.

निमाडची लेक:
दुपारी पाठवते. बाबांनी उत्तरात ‘झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असे लिहिले आहे. ही चुकीची कबुली धरली जाईल का?

विमा क्षेत्रात तीस वर्षे:
कंपनीच्या संमतीशिवाय कबुली देऊ नये, अशी अट बहुधा असते. उत्तर जसेच्या तसे पाठवा, एक शब्दही बदलू नका, आणि पुढचे पत्र वकिलाला दाखवूनच लिहा.