नववीच्या वर्गात माध्यम साक्षरता: फादर पंजेंटे यांची आठ सूत्रं सोलापुरात कशी शिकवायची?

तासिका_नववी

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या मराठी शाळेत नववीसाठी आठ शनिवार मिळालेत, दर शनिवारी ३५ मिनिटं. वर्गात ५० मुलं, एक प्रोजेक्टर, मोबाइल फक्त शिक्षकाकडे. बऱ्याच घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. नुसतं 'खोटी बातमी ओळखा' असं करायचं नाही. कॅनडातले जेझुइट (रोमन कॅथलिकांमधल्या 'सोसायटी ऑफ जीझस' या संघाचे) धर्मगुरू जॉन पंजेंटे यांनी ज्या आठ सूत्रांचा प्रसार केला, त्यांवर तासिका बेतायच्या आहेत. हे काम तिकडे कसं उभं राहिलं? आणि आपल्याकडची कोणती उदाहरणं चालतील?

कात्रणवही

सर, आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिचा तुमच्या नियोजनाशी थेट संबंध आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या शिक्षकांनी १९७८ मध्ये आपली माध्यम साक्षरता संघटना काढली. पंजेंटे यांनी १९८४ मध्ये टोरांटोत जेझुइट कम्युनिकेशन प्रोजेक्ट सुरू केला. १९८७ मध्ये ओंटारिओने हा विषय इंग्रजीच्या अभ्यासक्रमात सक्तीचा केला आणि १९८९ मध्ये शिक्षकांसाठी मार्गदर्शिका आली. म्हणजे आधी शिक्षक, मग सरकारी आदेश. पंजेंटे यांनी वेगवेगळ्या देशांतलं माध्यम शिक्षण पाहून यशासाठी ज्या गोष्टी आवश्यक मानल्या, त्यांतली पहिली हीच: पुढाकार शिक्षकांमधून आला पाहिजे. बाकीच्यांत शिक्षक-प्रशिक्षण आणि वर्गात वापरता येईल असं साहित्य येतं. तेव्हा दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांना पहिल्याच शनिवारी मागच्या बाकावर बसवा.

सूत्रं अशी: माध्यमातली प्रत्येक गोष्ट घडवलेली असते, ती आपल्यासाठी वास्तवही घडवते, अर्थ प्रेक्षक आपापल्या परीने लावतो, मागे पैशाचं गणित असतं, मूल्यं आणि विचारसरणी असतात, समाजावर, राजकारणावर परिणाम होतो, रूप आणि आशय एकमेकांत गुंतलेले असतात, आणि प्रत्येक माध्यमाला स्वतःचं सौंदर्य असतं. शेवटचं सूत्र गाळू नका. पंजेंटे यांनी टीव्हीवर सिनेमा कसा पाहावा हे शिकवणारा कार्यक्रम केला, तो याच सूत्राच्या बळावर. सिनेमाची गोडी लागलेलं मूलच त्याला बारीक प्रश्न विचारतं.

जाता जाता एक तयार उदाहरण. आपण साधनं घडवतो आणि मग साधनं आपल्याला घडवतात, या आशयाचं वाक्य सगळीकडे माध्यमांचे कॅनेडियन अभ्यासक मार्शल मॅक्लुहान यांच्या नावावर फिरतं. ते लिहिलं फादर जॉन कल्किन यांनी, मॅक्लुहान यांच्यावरच्या १९६७ मधल्या लेखात. कल्किनही जेझुइट, न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठातले. माध्यम शिकवणाऱ्यांचंच लाडकं वाक्य चुकीच्या नावाने फिरतंय, हे मुलांना जरूर दाखवा.

उणे_वीस

पहिल्या सूत्रासाठी ३० सेकंदांची जाहिरात घ्या आणि तीनदा दाखवा. पहिल्यांदा आवाज बंद, दुसऱ्यांदा प्रोजेक्टरची काच झाकून फक्त आवाज, तिसऱ्यांदा दोन्ही. पहिल्या फेरीत दृश्य बदललं की मुलांनी बाकावर एक टिचकी मारायची आणि एकाने फळ्यावर रेघा ओढायच्या. तेवढ्या तुकड्यांतला प्रत्येक कुणीतरी निवडून जोडलाय, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. इथे एकच चूक होते: शिक्षक आधीच अर्थ सांगून मोकळे होतात. तिन्ही फेऱ्या होईपर्यंत गप्प बसा.

'वास्तव घडवते' यासाठी उजनी धरणापेक्षा चांगलं उदाहरण आपल्या जिल्ह्यात नाही. 'उजनी उणे २० टक्के' हा मथळा वाचून मुलांना धरण कोरडं पडल्यासारखं वाटतं. फळ्यावर हिशेब मांडा. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न मोजलं जाणारं पाणी, साधारण ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची काढतात, म्हणून उणे २० म्हणजे मृतसाठ्यातलं १०.७ टीएमसी वापरलं गेलं. धरणात अजून सुमारे ५३ टीएमसी पाणी आहे. मथळा खोटा नाही, टंचाईही खरीच. पण मोजपट्टीचं शून्य कुठे धरलंय हे न सांगता आकडा दिला की चित्र बदलतं. हाच आकडा घेऊन मुलांकडून तीन मथळे लिहून घ्या: एक शेतकऱ्यासाठी, एक शहरातल्या नळधारकासाठी, एक भीती वाटावी असा.

पैशाच्या सूत्राला एकाच तारखेची तीन मराठी दैनिकं आणि पट्टी पुरे. पहिल्या पानावरची जाहिरातींची लांबी-रुंदी मोजून चौरस सेंटिमीटर काढायचे आणि पानाच्या क्षेत्रफळाशी टक्केवारी लावायची. बातमीसारखी छापलेली जाहिरातही शोधायला सांगा. 'जाहिरात' हा शब्द कोपऱ्यात बारीक टायपात असतो.

पाटी_वाचा

व्हिडिओसाठी तुमच्या वर्गातल्या भाषा हेच मोठं भांडवल आहे. दंगलीचा किंवा अपघाताचा 'सोलापूरचा' म्हणून आलेला व्हिडिओ दुकानाची पाटी दिसेल तिथे थांबवा. तेलुगू आणि कन्नड लिपी वरवर सारख्या दिसतात. त्या वाचता येणारी मुलं क्षणात फरक सांगतील. मग गाडीची नंबरप्लेट: आपली एमएच १३, विजयपूरची केए २८, कलबुर्गीची केए ३२. पण सोलापुरात कर्नाटकच्या गाड्या रोजच येतात, म्हणून एका प्लेटवर निकाल देऊ नका, दोन-तीन खुणा जुळू द्या. त्यानंतर तीच चौकट गुगल लेन्सवर, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या अ‍ॅपवर, शोधा. रक्ताची दृश्यं मात्र वर्गात दाखवू नका, कडेची पाटी कापून घेतलेला फोटो पुरतो.

सिनेमासाठी डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. जन्म १९१० चा, आपल्या सोलापूरचा. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, १९४२ मध्ये तिथेच वारले. चारच वर्षांनी व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतः कोटणीस झाले, आणि चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली. पाच मिनिटांचा एक प्रसंग दाखवा आणि विचारा: कॅमेरा कुणाच्या चेहऱ्याजवळ गेला? संगीत कधी सुरू झालं? १९४६ च्या प्रेक्षकाला यातून काय वाटावं अशी योजना होती?

तासिका_नववी

उजनी आणि कोटणीस दोन्ही घेतो. एक शंका आहे. चार तासिकांनंतर मुलं 'सगळंच खोटं' म्हणायला लागली तर?

कात्रणवही

तसं होतं, कारण वर्गात फक्त फसवी उदाहरणं ओळीने येतात. प्रत्येक तासिकेत एक नीट केलेली बातमीही ठेवा: वार्ताहराचं नाव, ठिकाण, दोन्ही बाजू, अधिकाऱ्याचं म्हणणं. मुलांनी त्यातला प्रत्येक दुवा अधोरेखित करायचा. आणि 'खरं की खोटं' हे दोनच रकाने न आखता 'अजून कळलं नाही' हा तिसरा रकाना आखा. त्यात खूण करणाऱ्याने पुढे कुणाला विचारणार, तेही लिहायचं.