आधी फिनचा बॉक्स तपासावा
तुटलेला फिन, म्हणजे सर्फबोर्डाच्या (लाटांवर स्वार होण्याच्या फळीच्या) तळाचा पंख, काढून नवा बसवला की जुना बोर्ड पुन्हा वापरता येतो, असे इथल्या चर्चेत कोणी म्हटले आहे; ते फिनपुरते बरोबर आहे. मात्र नवा फिन विकत घेण्यापूर्वी तो बोर्डातल्या ज्या बॉक्समध्ये, म्हणजे खाचेत, बसतो तो नीट पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. एफसीएस या कंपनीच्या दोन दातांच्या फिनांना आणि फ्युचर्स या कंपनीच्या एका लांब बुडाच्या फिनांना वेगवेगळे बॉक्स लागतात. मी सिडनीत घेतलेल्या जुन्या बोर्डाच्या डाव्या बॉक्सभोवती केसाएवढी बारीक चीर होती. अंगठ्याने दाबल्यावर तिच्यातून पाण्याचा थेंब वर आला आणि जिभेला लावून पाहिला तर तो खारट लागला. तो बोर्ड मी चीर खालच्या बाजूला येईल असा सावलीत दोन आठवडे उभा ठेवला, कारण समुद्राचे पाणी आत शिरले होते आणि बोर्डाच्या आतल्या ओल्या फोमवर रेझिन, म्हणजे चीर बुजवायचा, घट्ट होणारा चिकट द्रव, नीट धरत नाही.

कोणते रेझिन वापरावे याबद्दल इथे कोणी लिहिलेले दिसले नाही. आतला फोम ईपीएसचा, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा असेल, तर पॉलिएस्टर प्रकारच्या रेझिनमधले स्टायरीन हे रसायन त्याला अक्षरशः विरघळवते, म्हणून तिथे इपॉक्सी प्रकारचे रेझिनच वापरावे. पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या फोमच्या बोर्डाला दोन्ही रेझिन चालतात.